तुम्हाला रडवणारा शेवट

अहो,

भाकरी टोपल्यात हाय, वरण तेवढं गरम करून घ्या. मी बोरीला माहेरी जायलेय. फोन करू नका, उचलणार न्हाई.

काल वाचनालयात ‘माझे आवडते सिनेमे आणि पुस्तकं’ यावर तुमी लय झकास बोललात. मी मागं बायकांत बसले होते. त्यातला एकेक सिनेमा मी बघितला, तवा तुमी शेजारी घोरत होतात. पुस्तकं मी वाचली, तुमी ती जेवता जेवता माझ्याकडून ऐकली. अन् वर लोकांना सांगता, “आमच्या घरात पुस्तकाला हात लावणारा मी एकटाच!” शेजारच्या छबूबाईंनी माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावला.

मग ती कादंबरी काढलीत. म्हणे, शेवटी सून तिजोरीची किल्ली ज्वारीच्या कोठीत टाकून घर सोडते, ते पान वाचून तुमी ढसाढसा रडलात. कोणतं पान? आपल्या पुस्तकाची शेवटची पानं कवाच वाळवीनं खाल्लीत. तुमी “पुढं काय झालं?” म्हणून मागं लागलात, तवा भाकऱ्या थापता थापता तो शेवट मीच मनानं रचला होता.

वाचनालयाचे सर संध्याकाळी ते पुस्तक न्यायला येणार हायत. पुस्तकाच्या कपाटाला कुलूप घातलंय. किल्ली कुठं असंल, हे तुमाला सांगायला नको. कोठी औंदा काठोकाठ भरलेली हाय.

राजेश्री