उलटे चालणारे

१ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा. ताई बॅग घ्यायला खाली आली आणि दोन जिने चढेपर्यंत तिने माझं पोट, माझे केस आणि माझं बंद पडलेलं सदर या तिन्हींचा समाचार घेऊन टाकला. उभा जन्म लोकांची टवाळी करण्यात गेला. पेपर बुडाला तेव्हा लक्षात आलं की टवाळीखेरीज मला काही येतच नाही. या वयात भाऊ बहिणीकडे राहायला आला की शेजारपाजारच्यांचे कान टवकारतात. म्हणून ताईने आधीच सांगून ठेवलंय की त्याला सैन्याच्या ऑफिसात बोलावून घेतलंय. बोलावून घेतलंय हे खोटं, बाकी खरं.

मला ढब्बूची खोली मिळाली. ढब्बू म्हणजे भाचा. नर्स आहे, आणि सध्या आपलं सैन्य गेलंय त्या परक्या देशातल्या लढाईत एका दवाखान्यात काम करतोय. खोली हवेशीर आहे, खिडकीतून खालचं सायकलचं दुकान दिसतं. रोज संध्याकाळी ताई फोन घेऊन बसते. लागला तर त्याच्याशी बोलते, नाही लागला तर फोनला बोलते. मला मात्र इथे झकास वाटतंय.

३ फेब्रुवारी

ऑफिसही झकास. खुर्ची फिरते, चहा फुकट. काम असं की तिकडच्या लढाईत आपलं सैन्य एका बाजूने उतरलंय. कुठल्या, ते रोज सकाळी कळतं. साहेबांनी फळ्यावर गट काढून दाखवले: पहाडी आघाडी, तिच्यातून फुटलेली खरी पहाडी आघाडी, दोघींच्या जिवावर उठलेलं नदीकाठचं दल, आणि या दलावर रुसून पहाडीला मिळालेले पण अजून दलाचेच गणवेश घालणारे, कारण नवे शिवून झालेले नाहीत. बाण काढता काढता फळा संपला. मी विचारलं, मग यातला शत्रू कोण? साहेब म्हणाले, अहो, तेच तर तुम्ही सांगायचं!

ड्रोनने आकाशातून टिपलेल्या क्लिप आमच्यापुढे येतात. आवाज नाही, चेहरे नाहीत. वरून माणूस म्हणजे डोकं, खांदे आणि सावली. हिरवं बटण म्हणजे आपला, लाल म्हणजे शत्रू, पिवळं म्हणजे सांगता येत नाही. एकच क्लिप दोघं जण वेगवेगळी बघतात, आपसात बोलायचं नाही. दोघांचा रंग जुळला की ती वर जाते. वर काय होतं हे विचारायची पद्धत नाही.

माझी जोडीदारीण पार्टिशनच्या पलीकडे बसते. बारीक, ताठ, टोकदार. मी मनात तिचं नाव टाचणी ठेवलं. तिने चहाचं मशीन दाखवलं आणि म्हणाली, पिवळ्याची फार सवय लावून घेऊ नका.

८ फेब्रुवारी

पिवळं बटण काढून टाकलं. भोकावर चिकटपट्टी लावलीय. वरून तक्रार आली म्हणे, की तुमच्याकडे सगळे पिवळेच कसे? कुणीतरी ठरवत का नाही?

आज सकाळी खरी पहाडी आघाडी आपली झाली. काल संध्याकाळपर्यंत मी त्यांना लाल करत होतो. साहेब म्हणाले, कालचं काल.

१२ फेब्रुवारी

आज माझा सत्कार झाला. म्हणजे साहेबांनी आपल्या डब्यातलं बिस्कीट दिलं.

गणवेश आणि झेंडे बेभरवशाचे, म्हणून मी सवयी बघायला लागलो. लोकांच्या लकबी टिपण्यातच हयात गेलीय माझी. नदीकाठच्या भागात काही माणसं घरातून बाहेर पडताना पाठमोरी येतात. एक उलटा चालत येतो, दुसरा त्याच्याकडे तोंड करून, मध्ये मातकट सावली. मी म्हटलं, ही घराकडे नजर ठेवून माघार घेणाऱ्यांची चाल आहे. आत धाक घालायचा आणि पाठ न दाखवता निघायचं. हे दलाचेच.

साहेब खूश. त्यांनी नियमाला नावही दिलं – ‘उलटे’. आता क्लिपमध्ये उलटा दिसला की लाल. डोकं चालवायची गरजच नाही. टाचणीचे आणि माझे रंग दिवसभर जुळत होते. फार दिवसांनी माझं लिहिणं सोडून दुसऱ्या कशाचं तरी कौतुक झालं. घरी येताना ताईसाठी गजरा घेतला.

१७ फेब्रुवारी

ढब्बूचा फोन लागला. ताई मग जेवताना हसून हसून सांगत होती. गल्लीबोळांत गाडी जात नाही, म्हणून दवाखान्यातली पोरं घरोघरी जाऊन पेशंट स्ट्रेचरवर उचलून आणतात. हा उंच, म्हणून याला पुढे लावतात. पेशंटच्या तोंडाकडे लक्ष ठेवायचं, म्हणून हा उलटा चालतो. काल असाच पाठीमागे न बघता चालला आणि कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यात बसला. शिवाय म्हणे, पांघरुणं सगळी मातकट रंगाची मिळालीत, मळ दिसत नाही, बरं पडतं.

ताईने विचारलं, घास हातात घेऊन बसलास काय?

पोट बिघडलंय म्हणालो.

मध्ये मातकट सावली. आम्ही तिला सावली म्हणत होतो.

१८ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं, हे उलटे म्हणजे पेशंट उचलून नेणारे आहेत. भाच्याचं बोललो नाही. नियम मागे घ्या म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, अहो, तुमच्या नियमाने लाल केलेले सगळेच्या सगळे शत्रू निघाले. मी विचारलं, कशावरून? म्हणाले, लाल होते ना!

याच वाक्यावर मी कधीकाळी चार रविवार सदर चालवलं असतं.

१९ फेब्रुवारी

आजपासून उलटे दिसले की मी हिरवं दाबतो. टाचणीचं लाल. रंग जुळले नाहीत की तिसरं मत घेतात. हे तिसरं मत कुणाचं, ते आज कळलं. मशीनचं. त्याला शिकवलंय कुणी? माझ्याच गेल्या आठवड्यातल्या उत्तरांवर शिकलंय ते. मी हिरवं म्हणतो आणि मीच मला पाडतो. एकदाही चुकत नाही. मी होतोच तसा पक्का.

२० फेब्रुवारी

साहेबांना भाच्याचं सांगितलं. त्यांनाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणाले, एक सोय आहे. ‘ओळखीचा माणूस’ म्हणून क्लिप थांबवता येते. पण एकदाच. एका कर्मचाऱ्याला एकच. उठसूट प्रत्येकाचे नातेवाईक निघाले तर लढाई चालायची कशी?

म्हणजे खात्री हवी.

ताई म्हणते, तू तिथे दिवसभर वरून बघत असतोस ना रे? बघ की, माझा कुठे दिसतोय का.

२२ फेब्रुवारी

फोन लागत नाही. ताई फोनलाही बोलत नाही आता.

दिवसभर टाळू बघतो. खांदे बघतो. उंच माणूस वरून उंच दिसत नाही.

रस्त्यात एक हमाल कपाट घेऊन उलटा येत होता. माझा अंगठा आपोआप दाबला गेला. खिशात.

२३ फेब्रुवारी

नियम मोडला. टाचणीशी बोललो. म्हटलं, बाई, एक दिवस हिरवं दाबा, माझा भाचा आहे हो त्यांच्यात. ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, माझा भाऊ आहे, तिकडे लढायला गेलेला. कुठल्या गटात, माहीत नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक क्लिपमध्ये तोच दिसायचा. तुमचा नियम आला आणि सुटले. आता बघावंच लागत नाही.

मग म्हणाली, तुमचे उपकारच आहेत.

तिचा ‘ओळखीचा’ कधीच वापरून झालाय. तो तिचा भाऊ नव्हता.

२४ फेब्रुवारी

वही टेबलाखाली धरून लिहितोय. क्लिप चालू आहे.

निळं दार. एक उलटा बाहेर येतोय. खांदे रुंद – ढब्बूचे आहेत तसे – म्हणजे, असावेत –

मी हिरवं. पलीकडे बटण वाजलं. लाल. मशीनचं मत यायचंय.

तो थांबला. ओझं खाली ठेवलं. मान वर केली.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा चेहरा. वर बघतोय. ड्रोनचा आवाज आला असेल. सरळ माझ्याकडे –

ओळखता येत नाही. ताईचा मुलगा, अंगाखांद्यावर खेळलेला, आणि मी बघतोय आणि मनात पहिल्यांदा येतं ते लाल – मग नाक, मग डोळे –

हा असेल तर आत्ता थांबवायला हवं. नसेल आणि थांबवली, तर उद्या तो आल्यावर माझ्याकडे काहीच –

नसेल तर कुणाचा तरी –

हात हलवतोय. कुणाला? मला? घरातल्या कुणाला –

ताईला विचारतो. फोन लागला. ताई, त्याच्या कपाळावर काही खूण – ताई, रडू नकोस, आधी सांग, खूण – ती म्हणते आहे, डाव्या –