खिडकीखालचा फड्या निवडुंग

ला हुंता, कोलोराडो
९ जानेवारी १९७९

ती. आर्डिथताईस,
सा. न. वि. वि.

पपांचं कमरेचं हाड नीट बसलंय. मार्चमध्ये इस्पितळातून सोडतील म्हणतात.

आता जे सांगणार त्याने तुझ्या कपाळाला आठ्या पडतील. खिडकीखालचा त्यांचा फड्या निवडुंग काढून टाकला. नोव्हेंबरात सगळे फडे जमिनीवर लोळले, सुरकुतलेले, जांभळट, मेलेल्या जनावराच्या जिभांसारखे. कीव येऊन मी वर प्लास्टिक घातलं. परवा ते उचललं, तर बरेच फडे सडक्या टरबुजासारखे हातात फुटले. त्या वासाने मी पायरीवरच ओकले. काल चर्चच्या बायका येणार होत्या, म्हणून माझ्या नवऱ्याला, क्लिफर्डला फावडं घ्यायला लावलं. त्याने सगळं उपटून गावाबाहेर उकिरड्यावर टाकलं. पपांना थंडीने मेला म्हणून सांगू.

माया आहे तशीच ठेव.
तुझी व्होंडा

ओमाहा
१६ जानेवारी

चि. व्होंडास,
अ. आ.

पत्र मिळालं. तुला निवडुंगाची किळस आली, मला तुझी आली.

अगं, तो दर हिवाळ्यात तसाच पडतो. अंगातलं पाणी कमी करतो, म्हणून उणे वीस अंशांतही गोठून फुटत नाही. पपा त्याला सप्टेंबरनंतर थेंब देत नाहीत, कधी झाकत नाहीत, पाणी साचू नये म्हणून खाली खडी घालतात. तुझ्या प्लास्टिकखाली ओल कोंडली आणि तो कुजला. इतकी वर्षं त्याच घरात राहून एकदा खिडकीबाहेर पाहिलं नाहीस? आईने लग्नाच्या वर्षी तो माळावरून खणून आणला होता. ती गेल्यापासून पपा रोज त्याच्यासमोर कॉफी घेतात, हे तरी दिसलं असेल. आणि वर खोटं सांगणार. खरं सांगायचं नसेल तर मला लिहू नकोस.

रागावलेली, पण तुझीच,
आर्डिथ

ला हुंता
२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उकिरड्यावर गेले होते. क्लिफर्ड म्हणाला, डोकं फिरलंय तुझं, आणि गाडीतच बसून राहिला. कोंबड्यांची आतडी आणि एक मेलेलं मांजर बाजूला सारलं, तेव्हा फडे सापडले. जेवताना अजून तो वास येतो. अकरा फडे सुरकुतलेत, पण घट्ट आहेत. कोरड्या खोक्यात घालून गॅरेजमध्ये ठेवलेत.

पपांना सांगेन. जमलं तर ओळ लिही.
व्होंडा

ला हुंता
२० जून

चि. आर्डिथ,
अ. उ. आ.

पाय बरा आहे, काठी लागते.

मार्चमध्ये घरी आलो तर खिडकीखाली नुसती खडी. व्होंडा दारातच म्हणाली की पपा, मीच मारला आणि उकिरड्यावर टाकला. तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिच्या हातचं खाणंसुद्धा नको वाटायचं. चौथ्या दिवशी लक्षात आलं, ती ताट ठेवून हात ॲप्रनखाली लपवते. बोटं सुजलेली, निवडुंगाची बारीक कुसळं रुतलेली. लाजेपायी डॉक्टरकडे गेली नव्हती. भिंग आणि चिमटा घेऊन मी दुपारभर एकेक काढत बसलो. तिने मांजराचं सांगितलं, तेव्हा दोघांचीही तोंडं वाकडी झाली.

एप्रिलमध्ये मी खुर्चीतून सांगत गेलो, तिने फडे लावले. सातांनी मुळं धरलीत. फुलं यायला एक-दोन वर्षं लागतील, आणि मी ऐंशी पार केलीत. काल तिने विचारलं, यंदा थंडीत मी काय काय करायचं? म्हटलं, काही करायचं नाही. ते तिला फार जड जाणार आहे. तू नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला येऊन तिच्यावर नजर ठेव.

वाट पाहणारे तुझे
पपा