दोन ते आठ डिग्री

मंगळवार, १६ सप्टेंबर
शनिवारी हॉस्पिटलमधून नातीला घरी सोडणार. अकरा आठवडे आधी आलेली पोर, वजन आत्ता कुठे एक किलो नऊशे. आणि माझ्या घरात काय चाललंय? सुदेश बाहेरून येतो आणि हात न धुता तिच्या झबल्यांना हात लावतो. मेघना काढलेल्या दुधाच्या बाटलीवर तारीख घालायला विसरते. मुलगा-सून दोघंही शिकलेली, पण सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

डॉक्टर म्हणाले, पोटात शेवटच्या महिन्यांत आईकडून रोगाशी लढायचं जे बळ मिळतं, ते हिला मिळालंच नाही. म्हणून घरी न्यायच्या आधी अँटिबॉडीचं इंजेक्शन. नाहीतर आपली साधी सर्दी हिच्या छातीत जाऊन बसेल. मला तर ऐकूनच धडकी भरली.

बुधवार, १७
शहाडहून नणंदेचा फोन. "पितृपक्षात बाळ घरी आणू नका गं." म्हटलं, आली तेव्हाही ती कुणाला विचारून आली नव्हती. ठेवला फोन.

गुरुवार, १८
इंजेक्शन डोंबिवलीत कुठेच नाही. सुदेश ऑफिस सोडून ठाण्याला वागळे इस्टेटला गेला, बर्फाच्या डब्यातून घेऊन आला. शीळफाट्याला दीड तास अडकलेला. हॉस्पिटलचा फ्रीज बिघडलाय, म्हणून शनिवारपर्यंत आमच्याकडे. दारातूनच सुरू — "आई, हे फ्रीजमध्ये ठेव, पण —" म्हटलं, चाळीस वर्षं फ्रीज वापरतेय, मला शिकवू नकोस. आधी हात धू.

शुक्रवार, १९
शुक्रवार म्हणजे लाइट जाणार. नऊ ते चार. इंजेक्शनचं कुणाच्या डोक्यात आहे? कुणाच्याच नाही! शेवटी मीच उचलून फ्रीजरमध्ये ठेवलं, मेघनाच्या बाटल्यांच्या मधोमध. दूध राहतं तर हेही राहील.

दुपारी मेघना हॉस्पिटलमध्ये न्यायला दुधाची बाटली घ्यायला आली. फ्रीजर उघडून नुसती बघत उभी. "दार लाव, गारवा जातोय," ओरडले मी. लावलं तिने. बाटली घेऊन गेली. वर बाटलीवर तारीख नाहीच!

शुक्रवार, संध्याकाळ
चष्मा लावून खोका वाचला. दोन ते आठ डिग्री. गोठवू नका.

बाहेर काढून ठेवलंय. वितळलं. पाण्यासारखं स्वच्छ दिसतंय, कुणाला कळणारही नाही. सुदेश हेच सांगत होता आणि मी त्याला हात धुवायला पाठवलं. जेवण गेलं नाही.

शनिवार, २०
कुणी उठायच्या आत हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत आहे. मेघनाने काल दुपारीच फोन केला. दुसरं सोमवारी येतंय, ते देऊनच सोडू. तुम्हाला सांगू नका म्हणाली. आई मनाला लावून घेतील."

घरी आले तर मेघना ओट्यापाशी. बाटली माझ्यापुढे धरून म्हणाली, "आई, बघा, आज तारीख घातली."