शिक्रा, कोतवाल आणि माझी अब्रू

दिघोरी,
ता. २९ नोव्हेंबर १९७९

तीर्थस्वरूप सोमाजी भाऊजी यांस गोपीचंदचा साष्टांग नमस्कार.

ताईची कंबर आता कशी आहे ते कळवावे. इकडे धान घरात आलं, प्रकृतीही ठीक आहे, पण डोकं ठिकाणावर नाही.

भाऊजी, एका पाखरानं मला गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही. गेल्या रविवारी नागपूरहून एक प्रोफेसर आमच्या तळ्यावर आले. शिकारी पाखरं न पाहता, नुसत्या आवाजावरून ओळखायची, हे त्यांचं काम. (याचा पगार मिळतो म्हणे. असो.) गावात जाणकार कोण, असं विचारताच मी पुढे झालो, आमराईत एवढी वर्षं झोपा काढल्या, त्या काय फुकट? तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे होतो, तोच मोहाच्या झाडातून 'टि-टू, टि-टू' आलं. मी डोळे मिटून सांगितलं, "शिक्रा. नर आहे, भुकेला आहे." प्रोफेसरांनी लिहून घेतलं. तेवढ्यात मासे धरणारा डोमा (त्याला कोणीही विचारलं नव्हतं) पाण्यातूनच म्हणाला, "शिक्रा कायचा जी? कोतवाल होय थो. नक्कल करून राहिला." आणि झाडातून खरंच दुभंगल्या शेपटीचा काळा कोतवाल उडाला! प्रोफेसरांनी माझं वाक्य खोडलं आणि डोमाचा फोटो काढला. पाखरानं दुसऱ्याच्या आवाजात बोलावं, ही काय रीत झाली? दंडारीच्या खेळातला नकल्या निदान तोंडाला रंग तरी फासतो.

बरं, माणूस शिकतो. सोमवारी सकाळी अंगणात तोच आवाज. रुखमिणी चुलीपासून ओरडली, "अवो, शिक्रा आला! कोंबडीची पिल्लं झाका!" मी खाटेवरूनच तिला कोतवालाची लबाडी समजावू लागलो. शेपटीपर्यंत पोचलो होतो, तोच शिक्र्यानं तिचं सगळ्यात गुबगुबीत पिल्लू उचललं. माझ्या डोक्यावरून नेलं, भाऊजी! शिक्रा म्हटलं तर कोतवाल निघतो, कोतवाल म्हटलं तर शिक्रा; यात माझा काय दोष? तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. बोलते ते कोंबडीशी, मला ऐकू येईल अशा बेतानं: "रडू नको वं. ज्याले कान नाई, त्याच्या घरी आपण येऊन पडलो."

ताईस नमस्कार.

आपला,
गोपीचंद

ता. क. आपली तब्येत बिघडली आहे, गोपीचंदला आठ दिवस पाठवा, असं एक कार्ड रुखमिणीच्या नावे टाकावं. ती चौथी शिकली आहे. अक्षर मोठं काढा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायला तिला भाताची चार शितं मागितली. तिनं आधी पत्र वाचलं, मग शितं दिली. कार्ड टाकू नये. उद्याच्या एस.टी.नं ती, कोंबडी आणि उरलेली पिल्लं आपल्याकडे आठ दिवस येत आहेत. मी घर राखणार आहे. म्हणून पाकिटाला तिकीट लावलेलं नाही. हे पत्र तीच आपल्या हाती देईल.