मधल्या खोलीतला बिछाना

॥ श्री ॥
करंगरेजो, मध्य जावा
१२ मार्च २०२४

ती. दादास,
अनुयाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र हाताने लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. गप्पांना फोन आणि सांगण्यासारखं काही असेल तर पत्र, हा नानांचा नियम आपण दोघं म्हातारे झालो तरी मोडवत नाही.

तर सांगायचं म्हणजे, तू इथे विकत घेतलेलं घर फळी फळी उतरवून झालं. अकरा दिवस लागले. तुला मागेही लिहिलं होतं, इथे जमीन आणि घर या दोन वेगळ्या वस्तू. जमीन परक्याला घेता येत नाही, पण सागवानी घर टेबलखुर्चीसारखं विकत घेऊन उचलून नेता येतं. खांब, तुळया, फळ्या, सगळ्यांवर सुताराने खडूने दिशा लिहिल्या आहेत. एक खिळा नाही अख्ख्या घरात. दोन हजार एकोणीसमध्ये तुम्ही आलात, तेव्हा नीलिमावहिनी त्या घरात शिरल्या आणि दुपारभर बाहेर यायला तयार नव्हत्या, ते आठवलं. आज त्या हव्या होत्या.

घराची मालकीण सुर्तीआजी. इथे आजीला म्बाह म्हणतात, म्हणून गावाची ती म्बाह सुर्ती. नातवाला सिमेंटचं, टाइल्सचं घर हवं, म्हणून तिने विकायला होकार दिला. फक्त मधली खोली देईना. जुन्या जावानी घरात मागच्या बाजूला तीन खोल्या असतात. त्यातल्या मधलीत एक बिछाना कायम घातलेला असतो आणि त्यावर कोणी झोपत नाही. तो देवी श्रीचा, म्हणजे भाताच्या लक्ष्मीचा. दर गुरुवारी संध्याकाळी चादर बदलायची, उदबत्ती लावायची आणि दार ओढून घ्यायचं. शुक्रवारी सकाळी चादरीला सुरकुती दिसली की ती येऊन गेली. पण तू पडलास इंजिनिअर. घर पुरं हवं, एक फळी कमी चालणार नाही, असा हट्ट धरलास. शेवटी सुर्ती म्हणाली की गावजेवण घालून देवीला नव्या घरात राहायची विनंती करू, मग खोली घेऊन जा.

तसं झालं. बायका मला म्हणाल्या, तूही तुमच्या पद्धतीने निरोप दे. मी बिछान्याच्या पायथ्याशी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. आणि दादा, जित्याची खोड! उंबऱ्यात हात जोडले आणि तोंडातून आपसूक निघालं, की आता एकदा आमच्या दादाकडे कॅनडाला येऊन जा हो. ह्यांनी भाषांतर करून सांगितलं तशा बायका खोखो हसल्या. सुर्ती तेवढी हसली नाही. दमली असेल बिचारी.

पेट्या पुढच्या आठवड्यात बंदरावर जातील. ओटीचे तांदूळ गादीतच गुंडाळले गेले, ते तुझ्या कस्टमवाल्यांना सापडले तर मला शिव्या घालू नकोस. श्रेयस आणि सूनबाई चैत्राली यांना आशीर्वाद, नात ऊर्मीला गोड पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अनुया


सस्काटून
६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. अनुयास,
अ. उ. आ.

घर उभं राहिलं. शहराबाहेर आपली जी पाच एकर आहे, तिथे आधी मोठी इन्सुलेटेड शेड बांधली आणि तिच्या पोटात हे घर. उणे चाळीसला तुझं सागवान तडकलं असतं. पर्मिट काढताना ऑफिसातल्या बाईंनी विचारलं की घराच्या आत घर कशाला. मी म्हटलं, बायकोची इच्छा होती. त्यावर त्यांनी शिक्का मारला.

खडूच्या खुणा वाचायला तुझे फोटो कामी आले. शिलालेख वाचायला म्हणून जावाला गेलीस आणि शिक्षकाच्या घरची होऊन बसलीस, पण चाळीस वर्षांनी का होईना, तुझ्या विद्येचा मला उपयोग झाला. श्रेयस आणि मी मिळून मधली खोलीही लावली. तुझे तांदूळ मिळाले. पायथ्याशी सांडले ते तसेच ठेवले आहेत, झाडायला जीव होईना.

एक गंमत. इलेक्ट्रिशियन येऊन गेला. बिलाबरोबर त्याने चिठ्ठी ठेवली की मधल्या खोलीत दिवा लावलेला नाही, कारण तुमच्या मिसेसनी हाताने नको म्हणून खुणावलं. नीलिमाला जाऊन तीन वर्षं झाली. मी त्याला फोन केला, तर म्हणाला, नो नो, यंग लेडी, बेअरफूट. चैत्राली त्या दिवशी ऑफिसात होती. कोणाला काय दिसलं असेल ते असो, माणूस काम चांगलं करतो.

ऊर्मीला घर फार आवडलं आहे. सहा वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. तो बिछाना तिला जणू तिच्याच मापाचा वाटतो. शनिवार-रविवार दुपारची तिथेच झोपते. तुझ्या देवीची हरकत नसावी. पत्राच्या डोक्यावर श्री म्हणून तू तिला बसवतेस, मी बसवत नाही, हा आपला जुनाच वाद.

मेहुण्यांना नमस्कार. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

दादा


॥ श्री ॥
करंगरेजो
२१ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसले, मग ह्यांना वाचून दाखवलं. हे हसले नाहीत. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

नातवाच्या नव्या घरात सुर्तीने मधली खोली केली आहे, नवा बिछाना आहे, दर गुरुवारी चादर बदलते. आठ महिने झाले, एकाही शुक्रवारी सुरकुती नाही. गावाला आधी वाटलं, म्हातारीचं खूळ. पण ऑगस्टमध्ये भात कापलं तर लोंब्या पोचट, हातात घेतल्या की नुसतं फोलपट. आता पाऊस लागला आहे, रोपं लावली, पण धरत नाहीत. रस्त्यापलीकडच्या गावाचं शेत हिरवंगार आहे.

सुर्ती काल काठी टेकत आमच्याकडे आली. तिने एकच विचारलं, तिकडे त्या बिछान्यावर कोणी झोपतं का. मी खोटं बोलू शकले नाही. ती म्हणाली की पोरीला उठवा.

दादा, तू हसशील. हस, पण ऊर्मीला तिथे झोपू देऊ नकोस. मला खरंच भीती वाटते. उत्तर लवकर लिही, एवढ्याने मला झोप लागेल.

अनुया


सस्काटून
१९ जानेवारी २०२५

चि. सौ. अनुयास,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. आधी हसलो म्हणून लिहिलं नाही, नंतर हसू गेलं म्हणून.

तुझं पत्र आल्यावर खोलीला कुलूप लावलं. ऊर्मीने ना रडारड केली, ना हट्ट. फक्त जेवण कमी झालं. भात पुढे केला की म्हणते, आय ऑलरेडी एट देअर. अंग थंड लागतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. पण तिच्या नखांत चिखल असतो, अनुया. ओला, काळा चिखल. इथे जमीन सध्या दगडासारखी गोठली आहे, पहारीनेही ढेकूळ निघणार नाही.

आणि ती उलटी चालते. पाठमोरी, कमरेत वाकून, दर पावलाला तीन बोटं खाली टेकवत. चैत्रालीला वाटलं, शाळेतला काही खेळ. मी मात्र तुझ्या गावची लावणी पाहिली आहे. बायका अशाच मागे मागे सरकत रोपं खोचतात. ऊर्मीने ती कधी पाहिलेली नाही. मी विचारलं कोणी शिकवलं, तर म्हणाली, शी डिड, आबा, शी सेज आय ॲम गुड ॲट इट.

काल दुपारी शेडपुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला गेलो. मागच्या कोऱ्या बर्फात ऊर्मीच्या बुटांचे ठसे उलटे गेले होते, सरळ ओळीत. शेजारी, हातभर अंतरावर, दुसरी ओळ. अनवाणी पायांची. पाचही बोटं स्पष्ट. उणे एकतीस होतं. मी दोन्ही ओळी टेपने मोजल्या. दोन पावलांतलं अंतर सगळीकडे सारखं भरलं. मोजण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही.

कुलूप उघडून आत पाहिलं. पायथ्याशी तुझ्या ओटीचे तांदूळ रुजले आहेत. कांडून पॉलिश केलेले तांदूळ रुजत नाहीत, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. बोटभर उंच हिरवी रोपं आहेत.

मीच फळी फळी मोजून घेतली, हट्ट माझा. सुर्तीबाईंना विचार, काय करू. तू म्हणशील ते करतो.

दादा


॥ श्री ॥
करंगरेजो
२२ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हट्ट तुझा, पण बोलावणं माझं. सुर्ती म्हणते, ती रागाने गेली नाही, चोरून गेली नाही. ओटी भरून बोलावलं म्हणून पाहुणी गेली. पाहुणी आपली आपण कशी परत येईल? तुमच्यात लेकी सासरहून आपापल्या येतात का, असं तिने मला विचारलं. आपल्या आत्याला न्यायला मुराळी आल्याशिवाय ती ओटा उतरायची नाही.

तेव्हा पाठवणी रीतसर करायची. चैत्रालीने ओटी भरावी, दहीभात हातावर द्यावा. बिछान्याची उशी मुराळ्याने हातात घेऊन यावी, सामानात टाकू नये. खोलीच्या फळ्या आणि ती रोपं मागून येऊ देत. मी आले असते, पण व्हिसाला आठवडेच्या आठवडे लागतील, आणि तुला दोन स्टेंट घालून इतका प्रवास नको. श्रेयसला पाठव. लेकीचा बाप आहे, तो नीट आणेल.

आणि एक. हे घरात सगळ्यांना दहादा बजाव. निरोप देताना कोणीही, जिभेच्या सवयीनेसुद्धा, पुन्हा या म्हणायचं नाही. आपल्या लोकांना हेच सगळ्यात अवघड, म्हणून लिहिते.

रोपं लावायचे शेवटचे दिवस आहेत. सुर्ती म्हणते, लावणीला देवीला जोडीदारीण लागते. ती एकटीच यायला हवी, ऊर्मीला सोबत घेऊन नव्हे.

अनुया


॥ श्री ॥
सस्काटून
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अनुयास,
अ. उ. आ.

वरचा श्री पाहून चिडवू नकोस.

आज सकाळी पाठवणी झाली. चैत्राली आमची सॉफ्टवेअरवाली, ओटीत काय काय घालतात ते तिने तिच्या आईला फोनवर विचारलं. मग मात्र इतक्या मनाने भरली की मलाच भरून आलं. श्रेयसने उशी छातीशी धरली. मी ओठ मिटून उभा होतो. कोणी पुन्हा या म्हणालं नाही. पाहुण्याला तसं दारातून जाऊ देणं किती जड जातं, ते आज कळलं.

सगळे गाडीपाशी गेले, तरी ऊर्मी शेडच्या दारात थांबली होती. मान वर करून कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी. मग मान हलवली आणि म्हणाली, ओके, आय विल. चैत्रालीने विचारलं काय गं, तर म्हणाली, नथिंग, शी वॉज जस्ट बीइंग नाइस. आणि चक्क सरळ, पुढे तोंड करून, धावत गाडीत जाऊन बसली.

जेवणात दोनदा वरणभात मागून घेतला. अंग ऊबदार आहे. नखं स्वच्छ आहेत. मी बेसमेंटमध्ये जाऊन पोटभर रडलो, हे तुलाच लिहितो.

मधली खोली नसलेलं घर दात पडलेल्या तोंडासारखं दिसतं. चालेल. श्रेयस परवा तुझ्याकडे पोचेल, त्याला खाऊ घाल. सुर्तीबाईंच्या पाया पडलो म्हणून सांग.

दादा


॥ श्री ॥
करंगरेजो
९ मे २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

भात भरलं! लोंब्या इतक्या जड की आडव्या पडल्या आहेत. श्रेयसने उशी ठेवली त्याच्या पुढच्याच शुक्रवारी चादरीला सुरकुती आली, हे तुला फोनवर सांगितलंच. सुर्तीने गावजेवण घातलं, मला पहिला घास भरवला.

हे सगळं आनंदाचं. आता जे सांगायचं त्यासाठी पत्र.

आज शुक्रवार. सुर्तीने सकाळी मला बोलावून नेलं. चादरीवर एक सुरकुती नेहमीची. तिच्या शेजारी दुसरा खळगा, लहान, पोराने अंग मुडपून झोपावं तसा. मी हात लावला, तिथली चादर गार होती आणि ओली. सुर्तीने विचारलं, आता कोणी कोणाला बोलावलं?

मी तुझं फेब्रुवारीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. दादा, आपण सगळे आपापल्या जिभा सांभाळत बसलो. पण जाणारी पाहुणी दारात उलट बोलावणं करतेच की. आता तुम्ही या आमच्याकडे, म्हणतेच. आपल्याकडे काय आणि इथे काय. ऊर्मी कशाला हो म्हणाली, ते तिला नीट विचार. ती बरी आहे ना, एवढं आधी कळव.

अनुया


॥ श्री ॥
सस्काटून
१६ मे २०२५

चि. सौ. अनुयास,
अ. उ. आ.

ऊर्मी बरी आहे. जेवते, शाळेत जाते, सरळ चालते. विचारलं तर म्हणाली, शी आस्क्ड मी टू कम ओव्हर, सो आय गो. समटाइम्स.

आज शुक्रवार म्हणून सकाळी तिच्या खोलीत गेलो. ती खिडकीशी बसून चित्र काढत होती. रात्री छान झोपले म्हणाली. तिचा बिछाना चैत्रालीने काल घातला तसाच होता. उशीला खळगा नाही, चादरीला एक सुरकुती नाही.

श्रेयस-चैत्रालीला अजून सांगितलेलं नाही. आज सांगेन.

तुझ्याकडे आजवर कोणी लहान मूल आलं आणि रिकाम्या हाताने गेलं, असं झालेलं नाही, मला ठाऊक आहे. तरी मोठा भाऊ असून पदर पसरतो. ती तिथे दिसली तर पांघरूण घाल, गार असेल. पण तिच्या हातावर खाऊ ठेवू नकोस, पापा घेऊ नकोस, आणि जाताना तिला पुन्हा ये म्हणू नकोस.

दादा