मामाचा पेला

नावडे,
११ मे

लाडक्या पुतळाबायला दादाचा आशीर्वाद.

इकडं सगळी बरी आहेत. तुझी सोनल सासरी रुळली का गं? हळदीला काय तो डीजे, काय ती माणसं! जुईनगरची अख्खी सोसायटी गच्चीवर नाचत होती. तुझी वहिनी अजून तिथल्या मटणाचंच कौतुक सांगते. माझे पाय सुजलेलेच आहेत, पोटातलं पाणी परवा पुन्हा काढलं. डोळे पिवळे आहेत ते आहेतच. त्याचं टेन्शन घेऊ नको.

फोन का नाही केला म्हणशील. अगं, फोनवर तू "दादा" म्हणालीस की माझ्या तोंडातून खोटंच निघतं.

त्या दिवशी सगळ्यांना वाढत होतीस आणि स्वतः काकडी चघळत होतीस. तुझ्या लिव्हरवर चरबी आहे, ती उतरली तरच भावाला तुकडा देता येईल, असं डॉक्टर बोलले आणि तू भाकरीच सोडलीस. पोटच्या पोरीच्या हळदीतही! मला एवढंच सांगितलं होतं, सहा महिने दारूचा थेंब नको, तरच ऑपरेशन.

आपल्या घरात हळदीला मामानं पूर्वजांच्या नावानं दारूचे दोन थेंब शिंपडायचे आणि उरलेला पेला प्यायचा. मान मोडू नये म्हणून तू माझ्या पेल्यात गुपचूप शहाळ्याचं पाणी भरून ठेवलंस. मी ते मोरीत ओतलं, बाय. पेल्यात दारू भरली आणि सगळ्यांसमोर प्यायलो. तू जवळ येऊन म्हणालीस, "दादा, सुटलास रं तू!" आणि रडलीस. मी तोंड फिरवलं, तर तुला वाटलं मलाही रडू आलं. वास येईल म्हणून फिरवलं होतं.

तेव्हापासून थांबलेलो नाही.

लाज वाटते गं, मेल्याहून मेल्यासारखं झालंय. पण मला जगायचंय, हेही खरं. म्हणून तर इतके दिवस गप्प बसलो. तुझं पोट फाडून घ्यायला निघालो होतो मी, आणि तुझा तो तुकडाही दारूतच घातला असता.

मंगळवारी तपासणीला येऊ नको. मी एकटा जातो, डॉक्टरांना सगळं सांगतो. दारू सोडवायला कुठं ठेवतील तिथं राहीन. पुढं काय ते माझं मी बघतो.

पत्र वाचलंस की आधी गॅसवर तवा ठेव. तांदळाची भाकरी कर, सुकटीचं कालवण कर आणि पोटभर जेव.

'तुझा दादा' लिहायला हात धजत नाही.

कमळाकर