पुस्तक कोणते लावायचे, याबद्दल माझा अखेरचा शब्द

मी, खाली सही करणारी, अभियांत्रिकी महाविद्यालयातील निवृत्त प्राध्यापिका, वयाने थकलेली पण डोक्याने ठणठणीत, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा कोणी लाडीगोडी लावली म्हणून लिहीत नाही. माझ्या शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी विचारले, "आज वार कोणता?" मी म्हटले, "गुरुवार. आणि तुमच्या भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय." त्यांनी दाखल्यावर सही केली.

मी जन्मभर नियंत्रणशास्त्र शिकवले. वकिलांना कळावे म्हणून सांगते. यंत्राने स्वतःच्या चालीवर नजर ठेवून स्वतःला सावरावे, हे कसे घडवायचे त्याचे हे शास्त्र आहे. टाकीतले पाणी ठरल्या पातळीला थांबते, मोटर ठरल्या वेगाने फिरते, ते याच्या जोरावर. गणित फसले तर सावरायला ठेवलेली व्यवस्थाच यंत्राला झोकांड्या द्यायला लागते.

कलम पहिले : घर. हे घर मी आणि माझ्या दिवंगत पतींनी स्वतःच्या कमाईतून बांधले. मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची माझ्या मुलाला. रस्त्याकडे दार असलेली पुढची खोली त्याला नाही.

ही खोली पाहुण्यांसाठी होती. तिची एक संपूर्ण भिंत पतींनी स्वतः शिडीवर चढून काळी रंगवली, कारण मला फळा हवा होता. शेजारपाजारी कुजबुजले. सासूबाई म्हणाल्या, "तोंडाला काळं फासून घेण्यापेक्षा भिंतीला फासलेलं बरं." त्या माझ्या बाजूने बोलल्या असे त्यांच्या हयातीत एवढ्या एकदाच घडले, म्हणून इथे नोंदवते.

फळा का लागला, ते आता लिहिते.

आमच्या विभागप्रमुखांनी या विषयावर एक जाडजूड पुस्तक लिहिले होते. प्रत्येक प्रकरणात चौकटीत सूत्र, खाली सोडवलेली उदाहरणे, आणि परीक्षेत तीच उदाहरणे आकडे बदलून. मुले धडाधड पास होत. मीही बरीच वर्षे निमूटपणे तेच शिकवले. मग एके दुपारी प्रयोगशाळेत वर्गात पहिला येणाऱ्या मुलाने मोटरचा वेग अचूक यावा म्हणून गेनचे बटण पार शेवटपर्यंत फिरवले. गेन म्हणजे चूक दिसली की यंत्राने ती किती जोराने दुरुस्त करायची ते प्रमाण. मोटर आधी गुरगुरली, मग पिसाळल्यासारखी वेग घ्यायला आणि सोडायला लागली. टेबल थडथडले, जोड तुटून लोखंडाचा तुकडा खिडकीची काच फोडून गेला. मी धावत जाऊन मुख्य स्विच पाडला. एका मुलीचे डोके त्या खिडकीपासून वीतभर अंतरावर होते.

"गेन इतका का वाढवलास?"

उत्तर त्याला पाठ होते. "मॅडम, गेन वाढवला की चूक कमी होते, असं पुस्तकात आहे."

"आणि पुढच्या पानावर काय आहे?"

"पुढच्या पानावर पुढचा प्रश्न आहे."

त्या मुलाला मी रागावले नाही. अमुक मर्यादेपलीकडे गेन वाढवला की यंत्राचा तोल जातो, हे त्या पुस्तकात आठ प्रकरणांनंतर, वेगळ्या मथळ्याखाली, वेगळ्या सूत्राच्या चौकटीत होते. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे सांगायला लेखकाला फुरसत मिळाली नव्हती.

मी ग्रंथालयात बसून हाताला लागतील ती सगळी पुस्तके वाचली. प्रत्येकाची तीच परीक्षा घेतली. 'स्थिर' म्हणजे काय हे लेखक कधी सांगतो, आणि सांगताना काही हलवून दाखवतो का? खरे जग सरळ रेषेत चालत नाही, आपण सोयीसाठी तसे धरतो, हे तो कबूल करतो की लपवतो? मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे चौकोनी तक्ते, नुसत्या वाचकाच्या डोक्यात आपटतो, की त्या का आल्या तेही बोलतो? त्यातून एक सडपातळ पुस्तक उरले. सोडवलेली उदाहरणे थोडी, पण प्रत्येक प्रश्न असा की रात्री झोप लागू नये. अभ्यासमंडळाच्या बैठकीत मी ते ठेवले.

विभागप्रमुखांनी ते दोन बोटांत धरून उलटसुलट केले. "बाई, मुलांना पास व्हायचंय. ऋषी नाही व्हायचं."

मी म्हटले, "सर, यांच्या हातात उद्या बॉयलर असेल. बॉयलर गुणपत्रिका बघून फुटायचा थांबत नाही."

मतदान झाले. माझ्या बाजूने माझा एकटीचा हात. पुढच्या सत्रापासून माझ्याकडून तो विषय काढून घेतला आणि पहिल्या वर्षाचे ड्रॉइंग दिले. निवृत्तीपर्यंत मी ड्रॉइंग शिकवले. चांगले शिकवले. आणि दर रविवारी या खोलीत, ज्याला यायचे त्याला, मी निवडलेल्या पुस्तकातून माझा विषय शिकवला, अजूनही शिकवते. विभागप्रमुखांनी निरोप धाडला की हे शिस्तीला धरून नाही. मी उलट निरोप धाडला की रविवारी मी माझ्या घरात असते, शिस्तीने त्यांच्या घरात असावे.

कलम दुसरे : पुढची खोली, फळा, बाके आणि कपाटातील सर्व पुस्तके 'काका' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीच्या ताब्यात द्यावीत, वर्गासाठी. ती दर ओळीला "का? पण का?" विचारायची, म्हणून मुलांनी तिला काका केले. परीक्षेत तिने उदाहरण पुस्तकातल्या रीतीने न सोडवता दुसऱ्या रीतीने सोडवले. उत्तर बरोबर, गुण शून्य. ती रडत आली. मी विचारले, "रीत बदलायची का?" नाक पुसून म्हणाली, "रीत बरोबर आहे. मी का बदलू?" तेवढ्या गुणांनी ती नापास झाली. वर्ष वाया गेले, रीत नाही. आज ती लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात आहे. तिच्या लिफ्ट मजल्याशी अशा अलगद येऊन टेकतात की हातातल्या कपातला चहा डचमळत नाही.

माझ्या मुलाने हे कलम वाचले आहे. लपूनछपून काही करणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून मीच वाचायला दिले.

"आई, रस्त्यावरची खोली परक्या बाईला? मी कोर्टात गेलो तर?"

"जा. दार उघडं आहे."

"आणि पुस्तकं कोण वाचतं आता? सगळं मोबाइलवर मिळतं."

"सगळं मिळतं, हीच तर अडचण आहे, बाळा. त्यातलं काय घ्यायचं ते कोण शिकवणार?"

तो चिडून गेला. माझे त्याच्यावर प्रेम आहे, आणि ते या कलमात बसत नाही म्हणून दोन खोल्या आणि गच्ची दिली आहे.

कलम तिसरे : महाविद्यालयाला माझ्याकडून काहीही मिळू नये. गेल्या वर्षी नवे प्राचार्य पुष्पगुच्छ घेऊन आले. प्रयोगशाळेला माझे नाव द्यायचे, माझा ग्रंथसंग्रह काचेच्या कपाटात ठेवायचा, असा ठराव झाला होता.

मी विचारले, "विषयाला सध्या कोणतं पुस्तक आहे?"

ते हसले. "तेच, मॅडम. आता नवी आवृत्ती निघालीये. रंगीत."

"मग फुलं परत न्या. पाणी घालायला मला वेळ नाही."

माझे नाव कोणत्याही दारावर, भिंतीवर वा पारितोषिकावर लावू नये. लावल्यास काकाने खरवडून काढावे. तिला तसा अधिकार या लेखाने देत आहे.

कलम चौथे : माजी विभागप्रमुख हयात आहेत, आणि ईश्वर त्यांना उदंड आयुष्य देवो. त्यांनी सही करून मला भेट दिलेली त्यांच्या पुस्तकाची प्रत त्यांना परत पोचवावी. तांबड्या पेन्सिलीने चुका दाखवल्या आहेत. वाचायला वेळ मिळावा, म्हणूनच आयुष्य मागितले.

कलम पाचवे, आणि हे काकाने नीट वाचावे. मी निवडलेले पुस्तक म्हणजे पोथी नव्हे. "बाईंनी सांगितलं होतं" म्हणून ते एक दिवसही चालवू नये. माझ्या पुस्तकात ठरावीक क्षणांनी मोजमापाचे नमुने घेऊन चालणाऱ्या संगणकी यंत्रांवर फारसे काही नाही, आणि आज यंत्रे तशीच आहेत. दरवर्षी दोनचार नवी पुस्तके आणावीत, सगळ्यांतून एकच प्रकरण मुलांना वाचायला द्यावे, आणि ज्या पुस्तकाशी मुले भांडायला लागतील ते लावावे. माझे मागे पडले तर बेलाशक रद्दीत द्यावे. मी एका माणसाच्या हट्टाशी उभा जन्म भांडले. माझा हट्ट त्याच्या जागी बसवण्यासाठी नव्हे.

कलम सहावे : अंत्यसंस्काराबद्दल. माझा अंत रविवारी झाला, तर वर्ग रद्द करू नये. मला आतल्या खोलीत ठेवावे, दार लोटून घ्यावे, आणि जो धडा चालू असेल तो काकाने पुरा करावा. स्मशानात उशीर झाला म्हणून कोणी बोलले, तर मी सांगितले होते म्हणावे. मुलांना रडू आले तर रडू द्यावे. फक्त तोंडे फळ्याकडे असावीत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः मोठ्याने वाचला आणि मला एकही शब्द बदलावासा वाटला नाही. दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत त्यांनी.

लिहून देणार : (सही)

साक्षीदार १ : शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही)
साक्षीदार २ : दाखला देणारे डॉक्टर (सही)

ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : सहीखाली माझ्या हाताने घातला आहे